कुंपणापाशी लावलेला माइक

दुपारी चार वाजून दहा मिनिटांनी लेकीने बाबांच्या माइकचं रेकॉर्डिंग पहिल्यांदा ऐकलं. तीनशे वर्षांपूर्वी एका राजाच्या सोहळ्यात उघड्यावर वाजवायला लिहिलेलं संगीत त्या दोघांनी सकाळी मैदानातच रेकॉर्ड केलं होतं. तिने बारा माइक वादकांजवळ लावले होते. बाबांनी तेरावा नेला दोनशे पावलं लांब, कुंपणापाशी.

"बाबा, तिथे काय कुत्री ऐकायचीत?"

"अगं शहाणे, राजाशेजारी बसली असतील चार टाळकी. बाकीचं गाव कुंपणाशीच उभं असणार ना!"

आता हेडफोनमध्ये आधी वारा आला, खरंच एक कुत्रं भुंकलं, आणि मग नऊ ट्रम्पेट आणि नगारे अख्खं मैदान ओलांडून, एकजीव होऊन आले. तिने तेच पुन्हा लावलं. जवळच्या बारा माइकांत नुसती वाद्यं होती. इथे आभाळ वाजत होतं.

हे रेकॉर्डिंग करून घेणाऱ्या कंपनीची अट स्पष्ट होती: बाहेरचा आवाज आला तर काम रद्द. निवृत्तीआधीचं बाबांचं हे शेवटचं काम होतं, आणि मुदत पाचची.

चार एकोणसाठला तिने तेराव्या माइकचंच रेकॉर्डिंग पाठवलं. सव्वासहापर्यंत कंपनीचं उत्तर आलेलं नव्हतं.