बंद बाजाराचा पत्ता

दवाखान्याचं नाव पाहताच तीन कॅबवाल्यांनी भाडं नाकारलं, तेव्हा नंदनवन वस्तीत राहणाऱ्या भावना नर्सने अ‍ॅपमध्ये शेजारच्या बाजाराचा पत्ता टाकला. दोन वाजता ती पोचल्याशिवाय सकाळपासून पीपीई किटमध्ये उकडून निघणाऱ्या सकाळपाळीच्या नर्स मीराबाईची सुटका नव्हती.

अर्ध्या वाटेत ड्रायव्हरने कचकन गाडी थांबवली. प्लॅस्टिकच्या पडद्यापलीकडून तो म्हणाला, "बाजार तं बंद हाये. कुठी चालल्या तुम्ही?"

"कोरोना वॉर्डात. ड्यूटी हाये माही."

"उतरा!"

"मार्चात थाळी कोणासाठी बडवली होती गा?"

"बडवली! पण घरी आठ दिवसांची पोरगी हाये."

भावनाच्या तोंडात शिवी आली. पण पंधरा दिवसांत तिनेही आपल्या पोराला दारातूनच पाहिलं होतं. उतरून तिने धाडकन दार आपटलं आणि भर उन्हात पळत सुटली.