कागदावरची थोरली

दूध सोसायटीच्या भिंतीवर डकवलेली यादी. टँकरची वाट बघणाऱ्या कळश्या. मेंदीनं लाल झालेले केस. बहात्तरच्या दुष्काळात खडी फोडताना वाकडी झालेली करंगळी.

करंगळी सारजाबाईची. यादीत नाव मात्र धाकट्या जावेचं, छबुबाईचं. तिला निराधारचा पगार सुरू झाला, आणि सारजाबाईला भाकर गोड लागेना. ती तडक नेकनूरला तलाठ्याकडं गेली.

"मावशी, पासष्ट पुरी लागतात. तुमच्या आधारवर अठ्ठावन्न हाय."

"आन् छबीच्या?"

"अडुसष्ट."

"आरं, ती नवी नवरी आली तवा तिची येणी मी घालायची."

"मग शाळेचा दाखला आणा."

शाळा कुणी बघितली होती? ती तशीच माघारी येऊन टँकरच्या रांगेत उभी राहिली. पुढं छबुबाई होती, अंगावर नवं लुगडं.

"आक्का, आता कागदावर मी थोरली. संक्रांतीला तुमीच माझ्या पाया पडायचं."

रांगेतल्या बाया खुदुखुदु हसल्या. सारजाबाईनं तिची कळशी पायानं मागं सारली आणि आपली पुढं ठेवली.

"पर आक्का, तुमचं वय एवढं कमी लागलं कावून?"

"मशीन बिघडलं आसंल," सारजाबाई म्हणाली आणि टँकरच्या वाटेकडं बघत राहिली.

आठ वर्षांपूर्वी, आधारवाला गावात आला त्या सकाळी, सारजाबाईनं केसांना मेंदी लावली होती, आणि छबुबाईनं "साठ" सांगितल्यावर तिनं मोठ्यानं "पन्नास" सांगितलं होतं.