बादलनं दिलेली फाग

नेटवर्क गेलं की आपल्या माणसाला काय काय सुचतं! कोणी गच्चीवर चढतो, कोणी फोन झटकतो, कोणी कंपनीच्या सात पिढ्या उद्धारतो. आपण हजार जण एकाच वेळी एकाच टॉवरला लोंबकळलोय, हे मात्र कोणाच्या डोक्यात येत नाही. म्हणून सण असो की जत्रा, गर्दी झाली की फोन मेला. आणि माणसाची छाती काही सुट्टीचा वार पाहून दुखत नाही.

यावर उपाय म्हणून पुसदकडच्या काही गावांत एक प्रयोग सुरू झाला होता. अ‍ॅम्ब्युलन्स, अग्निशमन आणि पोलीस, एवढ्यांसाठीच वेगळी बिनतारी इंटरनेट लाइन. बाहेर सगळ्यांचे फोन बंद पडले तरी हिच्यावरून पेशंटच्या हृदयाची पट्टी, म्हणजे ईसीजी, यवतमाळच्या डॉक्टरला जागच्या जागी दिसायची. टॉवर मात्र प्रयोगापुरता होता, दोन-तीन गाड्यांचं ओझं पेलेल एवढाच.

बादल राठोड अशाच एका अ‍ॅम्ब्युलन्सचा ड्रायव्हर. गाडीत या लाइनचे दोन हँडसेट होते. एक नर्स निकिताकडे, दुसरा जास्तीचा, बादलच्या ताब्यात.

"बादलभाऊ, हा फोन आपला नाही," निकितानं पहिल्याच दिवशी बजावलं होतं. "जो मरून राह्यला, त्याचा आहे."

"हाव ताई," बादल म्हणाला. आपण हेल्मेटचं ऐकतो, तसंच त्यानं ते ऐकलं.

धुळवडीच्या दुपारी गाडी फाट्यावर उभी होती. तांडा तिथून हाकेच्या अंतरावर, बादलचा स्वतःचा तांडा. निकिताला सांगून तो पाच मिनिटांसाठी घरी पाणी प्यायला गेला आणि बायांच्या तावडीत सापडला. बंजाऱ्यांच्या होळीत बाया काठ्या घेऊन पुरुषाची वाट अडवतात, गाण्यातून त्याची यथेच्छ अब्रू काढतात आणि फाग मागतात. काहीतरी दिल्याशिवाय सुटका नाही. नाही म्हणणारा पुरुष वर्षभर तांड्याच्या चेष्टेला पुरतो.

सगळ्यांत पुढे त्याची चुलतभावजय पुष्पा. "पैसे नको आपल्याले! तो सरकारी फोन दे. सकाळपासून आमच्या मोबाइलवर चाक फिरून राह्यलं. आमची लेंगीची गाणी अन् नाच साऱ्या दुनियेले लाइव्ह दिसू दे!"

"भोजाई, तो नाही देता येत."

"अरे बाप्पा! मोठा साहेब झाला रे आमचा देवर! बांगड्या भर मग!"

बाया खदाखदा हसल्या आणि बादलचा कणा तिथंच वाकला. तासाभराचाच तर प्रश्न, कोणाला कळणार? त्यानं फोन दिला. वर त्याचं इंटरनेट सगळ्यांना वाटून द्यायचं बटणही स्वतःच्या हातानं दाबलं. बघता बघता पंचवीस मोबाइल त्या लाइनवर चढले. पोरांनी नाच दाखवला, म्हातारीनं सुरतच्या लेकाला तोंड दाखवलं. बादलची छाती फुगली. फोन तिथंच ठेवून तो गाडीकडे परतला.

अर्ध्या तासानं पलीकडच्या गावातून हाक आली. विठ्ठलराव नावाचे शेतकरी, वय बावन्न, छातीत कळ, अंगाला दरदरून घाम. त्यांची बायको भागीरथा गाडीत त्यांचा हात धरून बसली. निकितानं तारा लावल्या, पट्टी काढली, यवतमाळला पाठवली.

पट्टी गेलीच नाही.

"काहून अटकलं?" निकिता ओरडली. "पट्टी पाहून डॉक्टर हो म्हणतील, तवाच मले हे इंजेक्शन देता येते! बादलभाऊ, तो दुसरा फोन द्या बरं!"

बादलनं गाडीचा वेग वाढवला. तेव्हा खरं बोलला असता, तर निकितानं गाडीतल्या वायरलेसवरून कंट्रोल रूमला सांगून तो फोन बंद पाडला असता. एका वाक्याचं काम होतं. पण नोकरी डोळ्यांपुढे आली आणि तो म्हणाला, "त्याची बॅटरी उतरली, ताई."

विठ्ठलराव पाण्याबाहेरच्या मासोळीसारखे तडफडले. अठरा मिनिटं. भागीरथा त्यांच्या छातीवरून हात फिरवत राहिली. पुसदचा पूल ओलांडण्याआधीच तो हात थांबला. तिकडे तांड्यावर डफ वाजतच होता.

कागदावर 'तांत्रिक कारण' असं लिहून मरण मिटवलं गेलं. बादल सुटला होता. पण दुसऱ्या दिवशी पुष्पानं फोन परत देताना कौतुकानं सांगितलं, "दोनशे तेरा लोकायनं पाह्यलं रे!" आणि तो फोन हातात घेऊन तसाच निघाला.

तो पूनमसिंग नायकाकडे गेला. तांड्याचा हा म्हातारा प्रमुख कमी बोलायचा. बादलनं सगळं ओकलं आणि शेवटी पळवाट काढलीच, "नायक, फाग मांगली तर नाही कसं म्हणू? आपली रीतच हाय ना!"

"रीतीले मधात आणू नको!" म्हातारा कडाडला. "फाग आपल्या खिशातली देतेत, लेका! तू दुसऱ्याच्या छातीतली देल्ली. बायायनं अडाणीपणी मांगली, तुले तर ठाव होतं. जाय, त्या बाईपुढं जाऊन बोल."

बादल गेला. भागीरथा ओट्यावर बसली होती. त्यानं पायावर डोकं ठेवून सगळं सांगितलं, बॅटरीचं खोटंही. ती रडली नाही.

"किती लोकं पाहून राह्यले होते म्हणे?"

"दोनशे तेरा, काकी."

"अन् माह्या माणसाले पाहणारा एकच डॉक्टर होता. त्याले तेवढं दिसलं नाही." तिनं पाय ओढून घेतले. "माफी मांगू नको, ते माह्यापाशी नाही. तो टॉवर जेवढ्या गावायले पुरते, तेवढ्या गावात जाय. चारचौघात उभा राह्य, अन् माह्या माणसाले तू कसं मारलं ते तुह्या तोंडानं सांग."

बादलनं आधी वरिष्ठांना लिहून दिलं. नोकरी गेली, चौकशी लागली. मग तो गावोगाव निघाला. पहिल्याच गावात पारावर पन्नास माणसं जमली. बादलनं काहीही न लपवता सांगितलं. ती अठरा मिनिटं त्यानं एकेक करून सांगितली. बाया डोळे पुसू लागल्या. तेवढ्यात मागून एक जण उठला. चांगला शिकलेला, पांढऱ्या शर्टातला.

"भाऊ, लय वाईट झालं. पण मले सांग, त्या लाइनवर क्रिकेटची मॅच अटकत नसन ना?"

पार हसला. डोळे पुसणाऱ्या बायाही हसल्या. बादल मात्र खाली बसला नाही. तो माणूस मान खाली घालेपर्यंत त्यानं ती अठरा मिनिटं पहिल्यापासून पुन्हा सांगितली.

वाचकहो, त्या पांढऱ्या शर्टवाल्याला शिव्या देऊ नका, आरशात पाहा! संकटात धावणाऱ्यांसाठी राखलेली वाट, मग ती रस्त्यावरची असो की हवेतली, फुकट पडलेली नसते. ती कोणाच्या तरी शेवटच्या श्वासासाठी मोकळी ठेवलेली असते. तिच्यात घुसणारा इंटरनेट चोरत नाही, जीव चोरतो. आणि तो जीव कोणाचा, हे चोरताना कळत नाही.