धाकटीचं लायसन

कासुर्डीच्या मच्छिंद्राला कुणी जळका म्हटलं की राग यायचा, पण होता तो जळकाच, खोटं कशाला बोलायचं. शेजाऱ्याचा झेंडू चांगला फुलला तरी याला घास गोड लागायचा नाही. फक्त एका बाबतीत त्याला कुणाचा हेवा करायची पाळी आली नव्हती. घरात गाडी चालवणारा तो एकटा. दवाखान्यात जायचं असो, लग्नाला जायचं असो, नाहीतर दौंडच्या बाजारात फुलं न्यायची असोत, आई धुरपदाबाई वट्यावरून हाक मारायची, "मच्छिंद्रा, पिकअप काढ." धाकटा भाऊ सुदर्शन कुरकुंभला कंपनीत शिफ्टा करून अर्धमेला होऊन यायचा. त्याला स्टिअरिंगचं नावही नको असायचं.

आता गंमत बघा, वीस वर्षं गाडी हाकणाऱ्या या ड्रायव्हरकडं लायसनच नव्हतं. तरुणपणी पुण्याला जाऊन परीक्षा दिली होती. रस्त्याच्या खुणा ओळखायच्या होत्या, त्यातल्या निम्म्या चुकल्या आणि साहेबानं नापास केलं. घरी येऊन यानं सांगितलं, "झालं काम." पुढं कुणी विचारलं नाही, यानंही सांगितलं नाही. पोलीस दिसला की गाडी आडरस्त्याला घालायची, एवढं शिकून घेतलं.

सुदर्शनची बायको सुलक्षणा शिरूरची. तिचे वडील हौसराव तिथं एकटेच राहायचे. डोळ्यांत काचबिंदू, दर पंधरा दिवसांनी तिथल्या डॉक्टरकडं न्यावं लागायचं. कासुर्डीहून एसटीनं शिरूरला जायचं म्हटलं तर चौफुल्याला उतरा, पुढची गाडी धरा, यातच दिवस मोडायचा. गाडीनं नेणारा एकच, तो म्हणजे थोरला दीर. आणि या घराची रीत अशी, की धाकट्या सुनेनं थोरल्या दिराशी बोलायचं नाही. अकरा वर्षांत ती त्याच्याशी एक शब्द बोलली नव्हती. ती सासूला म्हणायची, "आत्याबाई, आप्पांना इचारा, उद्या शिरूरला जमंल का." सासू हाळी द्यायची, "मच्छिंद्रा, ही काय म्हणती बघ." आणि हे महाराज तंबाखू मळत म्हणायचे, "बघू." ते 'बघू' म्हणताना त्याला फार बरं वाटायचं. अशा 'बघू'त डॉक्टरच्या तीन तारखा हुकल्या आणि हौसरावांच्या एका डोळ्याची नजर गेली. आता दुसरा डोळा राखायचा होता.

एका सकाळी सुलक्षणानं भाकरी थापता थापता सासूला सांगितलं, "मी लायसन काढती. शिकाऊ लायसन आता घरबसल्या निघतंय. आधारचा नंबर टाकायचा, ओटीपी टाकायचा, मोबाइलवर परीक्षा द्यायची."

ओसरीवर चहा पिणाऱ्या मच्छिंद्राच्या अंगाचा तिळपापड झाला. ज्या परीक्षेपायी आपण पुण्याला जाऊन तोंड काळं करून आलो, ती ही बया चुलीपुढं बसून देणार? "म्हंजी आता उठंल त्यो डायवर," तो कपाला म्हणाला, कारण ऐकणारं दुसरं कुणी नव्हतं.

पण घोडं एका जागी अडलं. गावात आधारचं शिबिर झालं तेव्हा घरात मोबाइल एकट्या मच्छिंद्राकडं होता. म्हणून अख्ख्या घरानं त्याचाच नंबर लिहून दिला होता. ओटीपी येणार तो त्याच्याच फोनवर. सुलक्षणा माजघरात मोबाइल घेऊन बसली आणि म्हातारी गुडघ्यावर हात टेकत ओसरीवर आली.

"मच्छिंद्रा, आकडं आल्यात का बघ रं."

फोन त्याच्या मुठीतच थरथरला. सहा आकडे. त्यानं ते नीट वाचले, पुन्हा वाचले आणि फोन खिशात टाकला.

"न्हाई आलं."

म्हातारी आत गेली, परत आली. पुन्हा आकडे आले, पुन्हा हा म्हणाला, न्हाई. तिसऱ्या खेपेनंतर आतून आवाज आला, "ऱ्हाऊ द्या आत्याबाई." मच्छिंद्राला वाटलं, जिंकलो. मग दिवसभर त्याला भाकरी गिळवेना, हेही खरंच.

त्याच आठवड्यात सुलक्षणा माहेरी गेली. वडिलांजवळ दोन महिने राहिली. तिथल्या केंद्रावर आधारला स्वतःचा नंबर जोडून घेतला, शिकाऊ लायसन काढलं, ड्रायव्हिंग स्कूल लावलं, परीक्षा देऊन पक्कं लायसन घेऊन परत आली. सुदर्शननं गावभर पेढे वाटले. मच्छिंद्रानं त्यातला एक घेतला आणि म्हणाला, "साखर जास्त झाली."

दसऱ्याच्या आदल्या दिवशी तो झेंडूचे क्रेट भरून दौंडला निघाला. चौफुल्याच्या अलीकडं नाकाबंदी. आडरस्ता मागं राहिला होता.

"लायसन?"

"घरी राह्यलं साहेब."

हवालदारानं मोबाइलवर नाव शोधलं आणि मान हलवली. "न्हाईच की तुमच्या नावावर. सणाचा माल हाय म्हणून गाडी जप्त करत न्हाई. दंड होईल, आन् लायसनवाला माणूस आणा, तवाच गाडी हालंल."

सुदर्शन कंपनीत, तिथं फोन गेटवरच जमा होतो. भावकीतल्या पोपटरावाला बोलवावं तर संध्याकाळपर्यंत अख्ख्या गावात बोभाटा. उन्हात फुलं माना टाकायला लागली. शेवटी मच्छिंद्रानं तो नंबर लावला, जो त्यानं जन्मात लावला नव्हता.

"मी बोलतोय," तो म्हणाला. पलीकडं बांगड्या किणकिणल्या. "चौफुल्यावर ये. लायसन घिऊन ये."

सुलक्षणा शिटा भरून निघणाऱ्या वडापच्या जीपनं आली. डोक्यावर पदर, नजर खाली. कार्ड दाखवलं, किल्ली घेतली. मच्छिंद्र आयुष्यात पहिल्यांदा आपल्या गाडीत डावीकडं बसला. दौंडपर्यंत आणि तिथून घरापर्यंत तो तिची चूक शोधत होता. एकदा तरी गिअर खरखरावा, एकदा तरी गाडी बंद पडावी, देवा. नाही पडली. ती त्याच्याहून बरी चालवत होती आणि ते त्याच्या काळजाला डसत होतं.

गावाच्या शिवेवर तिनं गाडी बाजूला घेतली, उतरली आणि रस्त्याकडं बघत बोलली.

"हितनं तुम्ही न्या. आत्याबाई वट्यावर असत्याल."

ती पायी निघालीसुद्धा. तिनं दोन शिव्या दिल्या असत्या तर त्याला सोसल्या असत्या. हे सोसवेना. तरी तो सरकला आणि स्टिअरिंगमागं बसलाच, असा त्याचा स्वभाव.

दारात गाडी लागली तशी म्हातारी कौतुकानं म्हणाली, "आलास बाबा? तुझ्याबिगर या घराचं चाक हालत न्हाई बघ."

थोड्या वेळानं सुलक्षणा धुळीच्या पायांनी अंगणात आली. म्हातारीचा पारा चढला. "कुठं उंडारत व्हतीस गं सणासुदीचं? लायसन मिळालं म्हणून पाय घरात ठरंना व्हय?"

सुलक्षणा पाय धुवायला रांजणाकडं वळली.

"आये," मच्छिंद्र म्हणाला. "गाडी तिनंच आणली. माझ्याकडं लायसन न्हाई. कवाच नव्हतं. आन् त्या दिशी आकडं आलं व्हतं, तिन्ही येळंला."

सुलक्षणानं पायावर तांब्याभर पाणी ओतलं, पदर सारखा केला आणि अकरा वर्षांत पहिल्यांदा त्याच्याकडं तोंड करून म्हणाली, "परवा बाबांची तारीख हाय. किल्ली द्या."