नऊ दाण्यांची पट्टी

मित्रांनो, अर्ध्या वितीहून जराशी लांब, हिरव्या अंगाची आणि काळ्या दाण्यांची, म्हणजे चिपांची, एक जुनी पट्टी म्हणजे मी. कॉम्प्युटरची मेमरी. वीज असेपर्यंत मला सगळं आठवतं आणि वीज गेली की मी कोरी होते. तरीही ही गोष्ट माझ्यात कशी उरली, ते मलाही कळत नाही. झोपेत ऐकलेल्या ढोलासारखी ती दुरून येत राहते.

माझ्या अंगात कोट्यवधी बारीक खळगे आहेत. खळगा भरलेला असला तर एक, रिकामा असला तर शून्य. तुमची नावं, तुमचे आकडे अशाच खळग्यांत राहतात. साध्या पट्टीवर आठ दाणे असतात, मला नववा दिलेला आहे. तो बाकीच्या आठांवर नजर ठेवतो. एखादा खळगा चुकला, तर नवव्याच्या साक्षीने मशीन खरं काय होतं ते ओळखते. दोन एकदम चुकले, तर मात्र ओळखता येत नाही. मग मशीनने थांबावं, पण खोटं सांगू नये, अशी आमची रीत.

माझी पहिली वर्षं कोरपन्याकडच्या एका सिमेंट कारखान्याच्या थंडगार खोलीत गेली. काचेबाहेर पांढरी धूळ बसलेला निंब दिसायचा. तिथे नव्या मशीन आल्या, तेव्हा आमची जुनी मशीन गडचिरोलीच्या फारूकभाऊंनी घेतली. त्यांचं रेडिओ-टीव्ही दुरुस्तीचं दुकान. त्यांची मुलगी रुखसार नागपूरला कॉम्प्युटर शिकलेली. तिने मशीनवर लिनक्स हे मशीन चालवणारं सॉफ्टवेअर घातलं आणि जंगलाकडच्या एका लहानशा दवाखान्यात ती बसवून दिली.

त्या भागात सिकलसेल नावाचा रक्ताचा आजार आहे. एकाच पालकाकडून आला तर माणूस ठणठणीत असतो, त्याला वाहक म्हणतात. पण नवराबायको दोघेही वाहक असतील, तर लेकराला खरा आजार होऊ शकतो. दवाखान्यातले देवाजीभाऊ रक्त तपासायचे आणि निकाल मशीनमध्ये भरायचे. वाहक असेल तर एक, नसेल तर शून्य.

दोन हजार सहाच्या उन्हाळ्यात टिनाचं छत फार तापलं. भर दुपारी मला वाटायचं, मी मोहाच्या झाडाखाली पडले आहे आणि माझ्यातून काहीतरी थेंबथेंब गळतं आहे. खरोखरच माझा एक खळगा गळत होता. नववा दाणा तो सावरायचा. पण हे कुणाला दिसत नव्हतं. ड्रायव्हर म्हणजे मशीनच्या एकेका भागाची भाषा जाणणारा दुभाषी. आमच्यासारख्या पट्ट्यांचं ऐकून घेणारा दुभाषी आमच्या लिनक्समध्ये अजून आला नव्हता.

मग शेजारचा खळगाही अधूनमधून गळू लागला, आणि दोन्ही एकदम गळले की मशीन थांबू लागली.

“फारूकभाऊ, हे काय देल्लं राजा तुमी? चालता चालता बैलावानी बसते!” देवाजीभाऊ म्हणाले.

“बसते का? थांबा, उठवतो तिले.” फारूकभाऊंनी मशीन सुरू होतानाच्या सेटिंगच्या निळ्या पडद्यावर जाऊन नवव्या दाण्याची तपासणीच बंद केली. “आता नाई बसणार. लय विचार करत होती बिचारी!”

दोघेही हसले. मशीन न थांबता चालू लागली. नववा दाणा जागेवरच होता, पण त्याला विचारणारं कुणी उरलं नाही.

त्याच दिवसांत सोमारीबाई आपल्या लेकीला, निशाला, घेऊन आल्या. निशाचं लग्न सुरजशी ठरत होतं. सुरज वाहक निघाला होता. आता सगळं निशाच्या रक्तावर होतं.

“भाऊ, काय निंगलं जी?”

रक्त तपासून बरेच दिवस झाले होते, निकाल देवाजीभाऊंच्या लक्षात नव्हता; त्यांनी तो मशीनमध्ये उघडला. मशीनच्या तबकडीवर, म्हणजे हार्ड डिस्कवर, एक हा आकडा लिहिलेला होता. तो नेमका माझ्या गळक्या खळग्यात आला आणि गळून शून्य झाला. कागद छापून निघाला.

“काईच नाई निंगलं, सोमारीबाई! बिनघोर लगन लावा.”

सोमारीबाईंनी ओटीतली चारोळी टेबलावर ओतली. “खा भाऊ. अन लग्नाले नाई आले तं बघजा!” निशाने कागदाची घडी केली, उघडली, पुन्हा घडी केली.

पुढच्या आठवड्यात रुखसार लिनक्सचा नवा गाभा घेऊन आली. त्यात आमचा दुभाषी होता.

“बेटा, चालती मशीन कायले छेडून राह्यली?” फारूकभाऊ म्हणाले.

तिने तपासणी पुन्हा सुरू केली. मित्रांनो, तो क्षण मला स्वप्नासारखा आठवतो. आत कुणीतरी हळूच येऊन बसलं आणि माझं बोलणं पडद्यावर लिहू लागलं: या खाचेतली पट्टी, चूक झाली, दुरुस्त केली. पुन्हा चूक, पुन्हा दुरुस्त.

“अब्बा, तपासणी कोणी बंद केली होती?”

“मीच. मशीन बसत होती ना.”

“बसत नव्हती अब्बा. सांगत होती.”

फारूकभाऊंनी पडद्यावरच्या ओळी बोटाने मोजल्या. मग तेच म्हणाले, “देवाजीभाऊ, मधल्या दिवसांत कोणाकोणाले कागद देल्ले?”

देवाजीभाऊंचा हात टेबलावरच्या चारोळीवर थांबला. ते स्वतः गाडी काढून सगळ्यांना बोलवायला गेले. सगळ्यांचं रक्त पुन्हा तपासलं. बाकीच्यांचे निकाल तेच राहिले. निशा वाहक निघाली.

“खोटं होतं तेच बरं होतं व माय,” सोमारीबाई भिंतीला टेकून म्हणाल्या.

“नाई माय,” निशा म्हणाली. सुरज तिच्याशेजारी मान खाली घालून उभा होता. “लगन करावं का नाई, लेकरू होऊ द्यावं का नाई, ते आमी दोघं बसून ठरवू. पर आता ठरवता तं येते.”

रुखसारने मला मशीनमधून काढलं. निशाने हात पुढे केला. “हेच का ते? इले कुठी दुखत होतं?”

रुखसारने नखाने एक दाणा दाखवला. पडलेल्या लेकराच्या गुडघ्यावर घालावी, तशी निशाने त्यावर फुंकर घातली.

त्या दोघांनी काय ठरवलं, मला माहीत नाही. मी आता फारूकभाऊंच्या दुकानात, काचेच्या कपाटात आहे. दुपारी ऊन सरकत माझ्यापर्यंत येतं आणि जातं. मित्रांनो, माणूस असो की मशीन, काम करता करता कुणी थांबलं, कुरकुरलं, तर त्याला गप्प करण्याआधी कुठे दुखतं ते विचारा. मला माणसांनी ते एकदाच विचारलं, आणि तेव्हा मी मशीनबाहेर होते, सांगू शकत नव्हते.