नान्त-अ-वेलिनची रिकामी खुर्ची

मित्रांनो, मी एक जुनी ओकची खुर्ची आहे. कवीला बसवण्यासाठी मला घडवले, पण माझ्यावर बसायला कवी काही उठला नाही.

नान्त-अ-वेलिन हे वेल्समधले, पाटीच्या दगडाच्या खाणीखालचे गाव. दुसरे महायुद्ध संपून चारेक वर्षे झाली होती. साखर अजून रेशनवर होती, पण गावाने ठरवले की बंद पडलेला आयस्टेद्वोद, म्हणजे गाण्या-कवितांचा मेळा, पुन्हा भरवायचा. उत्तम कवितेला बक्षीस म्हणून खुर्ची द्यायची, ही आमच्याकडची जुनी रीत. टुडवल सुताराने प्रार्थनाघराचा एक मोडका बाक उकलला आणि त्यातून मला घडवले. माझ्या पाठीवर त्याने ओढ्याचे वळण कोरले. रंधा मारताना तो भजन गुणगुणायचा, आणि मला वाटायचे, माझ्यावर कोण बसेल बरे?

टुडवलची भाची लाउरी आणि तिचा नवरा इथेल वरच्या आळीत राहत. इथेल खाणीत दगड चिरायचा. युद्धाआधी त्याच्या कविता गावभर पाठ होत्या. शत्रूच्या छावणीत तीन वर्षे कैदेत काढून तो परत आला तो कवितेपुरता मुका होऊनच. मेळ्याची बातमी आल्यावर मात्र त्याने कितीतरी दिवसांनी लिहायला घेतले. लाउरीला कोण आनंद झाला. त्या वर्षी कवितेचा विषय होता ‘परतणे’. इथेलने आपली कविता पाठवली. लाउरीनेही एक पाठवली, पण ते कोणालाच ठाऊक नव्हते. कविता टोपणनावाने पाठवायची, खरे नाव बंद पाकिटात ठेवायचे, अशी पद्धत होती.

मेळ्याच्या दिवशी मला व्यासपीठावर मधोमध ठेवले. प्रार्थनाघर खचाखच भरले होते, खिडक्यांच्या कट्ट्यांवरही माणसे होती. परीक्षक बाहेरगावचे पाद्री होते. ते म्हणाले की दुसऱ्या क्रमांकाच्या कवितेत सफाई आहे, पण जीव नाही. पहिलीतल्या चार ओळी त्यांनी वाचून दाखवल्या.

बूट न काढता तो दारापाशी बसतो,
घर हे स्टेशन असावे, गाडी यायची असावी तसा.
मी चहा दोन कपांत ओतते,
एक आलेल्याला, एक न आलेल्याला.

मग परीक्षकांनी टोपणनाव पुकारले आणि कवीने उभे राहावे असे सांगितले. तुतारी वाजली. कोणी उठले नाही. दुसऱ्यांदा वाजली. मी वरून सगळे पाहत होते. चौथ्या बाकावर लाउरीने पुढच्या बाकाची कड घट्ट धरली होती. तिने एकदा इथेलकडे पाहिले. तो मान खाली घालून बसला होता. तिसरी तुतारीही विरून गेली.

लाउरीला वाटले होते, पहिला उठला नाही तर मान दुसऱ्याला, म्हणजे इथेलला मिळेल. पण परीक्षक नियमाचे पक्के निघाले. खुर्ची कोणालाही मिळणार नाही, असे सांगून ते खाली उतरले.

दुसऱ्या दिवशी प्रार्थनाघर झाडायची पाळी लाउरीची होती. मागच्या खोलीत मी उभी होते आणि टेबलावर तिची कविता न उघडलेल्या पाकिटासकट पडली होती. कोणी दावा न केलेले कागद जाळायचे असेच ठरलेले होते. तिने ते शेगडीत टाकले. तेवढ्यात मला मेण लावायला टुडवल आला. त्याने शेगडीकडे पाहिले, मग तिच्याकडे.

“तुझी होती ना गं?” त्याने विचारले.

“मामा, तो आत्ता कुठे लिहायला लागलाय. मी उठले असते तर परत मिटला असता.”

“आणि आता?”

“आता खुर्ची त्यालाही नाही.” तिने झाडू उचलला. “त्याला कधी सांगू नका. माझी शपथ आहे.”

टुडवलने शब्द पाळला. मित्रांनो, तो पाळला याचे मला अजून वाईट वाटते. इथेलने त्यानंतर एक ओळही लिहिली नाही, आणि लाउरीनेही नाही.

मी मागच्याच खोलीत राहिले. वेल्सची स्वतःची संसद हवी म्हणून लोक तिथे सह्या करायला येत, तेव्हा त्यांचे ओले कोट माझ्यावर पडत. पलीकडचे एक खोरे धरणाखाली जाणार म्हणून तिथे तावातावाने सभा झाल्या. पुढे घरोघरी टेलिव्हिजन आले आणि मेळ्याला माणसे मिळेनाशी झाली. खाण बंद पडली. तरुण पोरे कामासाठी इंग्लंडला गेली आणि सुट्टीत येताना इंग्रजी बोलणारी मुले घेऊन आली. माझ्यावर भजनांच्या पुस्तकांचे ढीग चढले, मग धूळ.

लाउरी एका हिवाळ्यात वारली. त्यानंतर दोनेक वर्षांनी प्रार्थनाघर विकायला निघाले. सामान हलवायला म्हातारा टुडवल आला, मदतीला इथेल. पुस्तके उतरवल्यावर मी उघडी पडले. टुडवलला राहवले नाही. शपथ मोडून तो सांगू लागला की ती कविता...

“लाउरीची होती,” इथेल म्हणाला. “मला तेव्हाच कळलं. बूट माझेच होते की.”

टुडवल त्याच्याकडे वळला. “मग बोलला का नाहीस, बाबा?”

“मी वाट बघत होतो ती उठायची. हरल्याचं काही नव्हतं, मामा. कोणीतरी मला नीट पाहिलं होतं. पण ती उठली नाही. मला वाटलं, हे माझ्यासमोर यायला नको म्हणूनच उठत नाही.” बराच वेळ तो माझ्या पाठीवरच्या ओढ्यावरून बोट फिरवत राहिला. “त्या दिवसापासून मी घरात शिरताना बूट काढायला लागलो. तिनं पाहिलं. का काढतो, ते मात्र तिला सांगितलं नाही.”

“बस एकदा हिच्यावर,” टुडवल म्हणाला. “तिच्या वतीनं बस.”

इथेल नाही म्हणाला. दोघांनी मिळून मला उचलले आणि गावच्या शाळेत नेऊन ठेवले.

आता मी वर्गाच्या कोपऱ्यात असते. ज्याचा वाढदिवस असेल ते मूल माझ्यावर बसते. मला ते आवडते. इथेल काठी टेकत अधूनमधून यायचा आणि मुलांना आमच्या वेल्श भाषेत त्या चार ओळी म्हणून दाखवायचा. एकदा नेरिस नावाच्या मुलीने विचारले, “आजोबा, पुढे काय आहे?”

“पुढचं मला येत नाही, बाळ,” तो म्हणाला. “मी कधी विचारलंच नाही.”

मित्रांनो, माझी धूळ तुम्ही पुसता, त्याबद्दल मी आभारी आहे. पण माझे मागणे वेगळेच आहे. तुमच्या घरी कोणी गुपचूप काही लिहीत असेल, मनाशी गुणगुणत असेल, तर त्याच्याजवळ जाऊन बसा. म्हणा, पूर्ण वाचून दाखव. आणि आवडले तर तसे तोंडाने सांगा, त्याच दिवशी.