मंडपवाल्याची वरात

जळगावात लग्न कुणाचंही असो, मांडव शालिग्रामचा आणि आवाज मोतीलालचा. खांब, कनाती, खुर्च्या आणि लाल गालिचा शालिग्राम बघायचा. माइक, भोंगे आणि अ‍ॅम्प्लिफायर मोतीलालकडे. मंगलाष्टकं चालू असताना माइक मध्येच शिट्टी मारू लागला की मोतीलाल बटन असं फिरवायचा, की भटजींना ती आपल्या आवाजाची करामत वाटावी.

लोकांची लग्नं लावता लावता दोघांची पन्नाशी जवळ आली, पण दोघांपैकी एकाचंही लग्न झालं नव्हतं. याबद्दल गावाकडे समाधानकारक खुलासा होता. शालिग्रामला कडक मंगळ होता आणि मोतीलालला दमा. गावाला खरं कारण लागतं असं नाही, कुठलंतरी कारण लागतं. पिंप्राळ्यात गोदामामागे त्यांच्या दोन खोल्या होत्या. एकीत स्पीकर राहायचे, त्यामुळे दुसरीत हे दोघं. स्पीकरला दमट हवा सोसत नाही, हे सगळ्यांनाच पटत होतं.

खुलाशावर न थांबणारी एकच व्यक्ती होती. शालिग्रामची थोरली बहीण पुष्पाबाई, त्याची अक्का. दर तुळशीच्या लग्नानंतर ती कुठूनतरी मंगळाची मुलगी शोधून काढायची. रावेर, चोपडा, शिंदखेडा, कुठलाही तालुका तिने सोडला नव्हता. शालिग्राम दर वेळी सीझन संपू दे म्हणायचा. मांडवाच्या धंद्याचा फायदा हा, की एक सीझन संपतो तोवर दुसरा तोंडावर आलेला असतो.

त्या वर्षी, म्हणजे घराघरात केबल येऊन नुकती स्थिरावत होती तेव्हा, मिस्टर चांदणीचा दौरा खानदेशात आला.

मिस्टर चांदणी म्हणजे कॅसेटवर झगमग झग्यात उभा असलेला, डोळ्यांत काजळ आणि ओठांवर मिशी असलेला मुंबईचा पॉप गायक. मूळचा शिंदखेड्याकडचा सुपडू. लहानपणी लग्नाच्या बँडमध्ये हातगाडीवर उभा राहून गायचा. द्वंद्वगीतातला नायकही तोच आणि नायिकाही तोच. बँडवाल्याची एक भाकर वाचायची. पुढे मुंबईला जाऊन त्याने त्याच दोन आवाजांवर नाव काढलं. त्याच्या कार्यक्रमाचं नाव होतं ‘चांदणी रात’. स्टेजवर पुठ्ठ्याचा बार, वर फिरणारा आरशांचा गोळा, आणि मुंबईतली ती जागा, जिथे दिवसभर कुणाचे साहेब, कुणाचे जावई, कुणाचे मामा असलेले लोक रात्री येऊन स्वतःसारखे नाचतात. साडीतले पुरुष, सुटातल्या बाया, टाळ्या वाजवणारे तृतीयपंथी, सगळे त्यात होते आणि सगळे मजेत होते.

जळगावच्या कार्यक्रमाचा मांडव शालिग्रामकडे आला. स्टेज कसं लागतं ते पाहायला तो आदल्या आठवड्यात धुळ्याच्या खेळाला गेला. मोतीलालला त्या दिवशी भुसावळचं लग्न होतं.

धुळ्यात लोकांनी खेळ फार शांतपणे घेतला. शालिग्रामच्या शेजारी एक फेटेवाले आबा बसले होते. साडीतला नाच्या आला तेव्हा ते म्हणाले, “यामां काय नवं शे? आम्हना तमाशामां बठ्ठा बाप्येच बाया बनेत.” आणि त्यांनी तंबाखू मळायला घेतली.

पण मग दिवे मंद झाले. साध्या शर्ट-पँटमधले दोन पुरुष आले, ना काजळ ना टिकल्या. बँकेतून सुटून आल्यासारखे. चांदणी हळू आवाजात गाऊ लागला, ‘दिवसा नाव घेऊ नको, रात्री हात सोडू नको’, आणि ते दोघं एकमेकांच्या खांद्यावर डोकं ठेवून हळूहळू नाचले. कुणी हसलं नाही. आबांची तंबाखू तळहातावरच राहिली.

परतीच्या एस.टी.त शालिग्राम एकच विचार करत होता. हे मोतीलालने पाहायला हवं. सांगून उपयोग नव्हता. ज्या गोष्टीबद्दल दोघं वीसेक वर्षं एक शब्दही बोलले नव्हते, ती सांगणार कोणत्या शब्दांत? जे शब्द गावात होते ते शिव्यांच्या खात्यात जमा होते. बरं, आपल्या मांडवातला कार्यक्रमही मोतीलाल कधी पाहत नसे. स्टेजच्या कडेला, स्पीकरच्या मागे, मशिनच्या, म्हणजे अ‍ॅम्प्लिफायरच्या, काट्यावर नजर ठेवून बसायचा. आजवर त्याने हजार कार्यक्रम ऐकले होते, पाहिला एकही नव्हता.

“या वेळी पुढे बसून बघ, शेठ,” शालिग्राम म्हणाला. तो मोतीलालला शेठ म्हणायचा आणि मोतीलाल त्याला पाटील.

“आणि मशिन कोण बघेल? तुझी अक्का?”

विषय तिथेच संपला.

कार्यक्रमाच्या दिवशी दुपारी, मांडव उभा राहून झालर लागली तेव्हा, फौजदार मोटारसायकलवरून आले आणि परवानगी रद्द झाल्याचं त्यांनी सांगितलं. सांगून झाल्यावर मात्र गेले नाहीत, सावली होती म्हणून बसले.

“संस्कृती समितीची तक्रार आहे. अध्यक्ष माणकचंदजी स्वतः आले होते.”

“त्यांनी खेळ पाहिलाय का?”

“पाहिला असता तर तक्रार कशी करता आली असती?”

माणकचंदजींचं कापडाचं दुकान होतं. चांदणीच्या नाचणाऱ्यांनी टिकल्यांचं कापड सकाळीच त्यांच्याकडून घेतलं होतं आणि त्यांनी ते हसतमुखाने मापून दिलं होतं. दुकान आणि समिती या दोन गोष्टी ते कधी एकत्र करत नसत.

मिस्टर चांदणी पत्र्याच्या ट्रंकेवर बसून शेवभाजी खात होता. काजळ अजून लागलं नव्हतं, त्यामुळे तो पूर्ण सुपडू दिसत होता. “गाडी भरा रे,” तो आपल्या माणसांना म्हणाला. “भुसावळला तरी वेळेवर पोचू.”

शालिग्राम फौजदारांकडे वळला. भुसावळला मांडव दुसऱ्याचा होता, आवाज दुसऱ्याचा होता. मोतीलाल तिकडे कशाला फिरकणार?

“साहेब, काही मार्ग?” त्याने विचारलं.

“मला विचारू नका. आज गोरजाची दाट तिथी, गावात जिकडे तिकडे वराती. माझी सगळी माणसं रस्त्यावर. वरातीला बरं असतं, कुणी हरकत घेत नाही. दारू पिऊन लोळा, साडी नेसून नाचा, कुणाच्या बापाची हिंमत नाही अडवायची. कार्यक्रम म्हटला की संस्कृती येते.” फौजदारांनी पाणी पिऊन ग्लास ठेवला आणि ते निघून गेले.

शालिग्राम त्यांच्या मोटारसायकलच्या धुळीकडे पाहत राहिला.

“सुपडूभाऊ,” तो म्हणाला, “हातगाडीवरून गाता येतं का अजून?”

सुपडूचा घास थांबला. मग तो इतका हसला की त्याला ठसका लागला. “भाऊ, मन्हा जन्मच तठे झाया!”

पुढचं सगळं घरचंच होतं. हातगाडी होती, जनरेटर होता, डोक्यावर घ्यायच्या ट्यूबलाइटी होत्या. वाजवणारे आणि नाचणारे चांदणीचे. मारुतीच्या पारापासून निघायचं, बाजारातून फिरायचं आणि मांडवात शिरायचं. वरात मांडवात आल्यावर गाणंबजावणं होतंच, त्याला परवानगी कुणी मागितल्याचं ऐकिवात नव्हतं. मोतीलालने ओळखीतून घोडासुद्धा आणला. घोडेवाला म्हणाला, “नवरदेव?”

सगळे एकमेकांकडे बघू लागले. नाचणारे टिकल्यांत होते. सुपडूला गायचं होतं. पांढरा सदरा आणि धोतर घातलेला, वयाने जरा उशिरा का होईना पण नवरदेव दिसेल असा एकच माणूस तिथे होता.

“मंगळ आहे त्याला,” मोतीलाल गंभीरपणे म्हणाला.

“घोड्याला चालतो,” घोडेवाला म्हणाला.

फेटा बांधला, मुंडावळ्या बांधल्या, हातात कट्यार आणि तिच्या टोकाला लिंबू. आयुष्यभर दुसऱ्यांना दिलेलं हे सामान अंगावर आल्यावर शालिग्रामला पहिली गोष्ट जाणवली, मुंडावळ्या गालाला फार गुदगुल्या करतात. घोडा बुजरा होता, म्हणून लगाम मोतीलालने धरला. मशिन हातगाडीवर चांदणीच्या माणसाकडे गेलं.

खरी चूक इथून सुरू झाली, आणि ती जळगावकरांखेरीज कुणी करू शकलं नसतं. शालिग्रामला घोड्यावर पाहून एकाही माणसाच्या मनात आलं नाही की हे नाटक असेल. या माणसाने अख्ख्या गावाची लग्नं लावली. शेवटी त्याचंही जमलं! पत्रिका आली नाही याचा राग नंतर काढता येतो, वरात मात्र पुन्हा दारावरून जात नाही. पानाच्या टपरीवरून, पिठाच्या गिरणीतून, दुसऱ्यांच्या वरातींतून माणसं सुटून या वरातीत आली.

“कोना घरनी वरात शे, भो?”

“शालिग्रामभाऊनी! चाल, नाच!”

टिकल्यांच्या साडीतले पुरुष पुढे नाचत होते, आणि गावातले पुरुष त्यांच्याबरोबर नाचत होते, रुमाल दातांत धरून. चांदणी हातगाडीवरून दोन्ही आवाजांत मुंबईची रात्र गात होता. बायका गच्चीवरून फुलं टाकत होत्या. कापड दुकानासमोर माणकचंदजी खाली उतरले. त्यांच्या तिन्ही मुलींचे मांडव शालिग्रामने घातले होते. त्यांनी नवरदेवाला टिळा लावला, नारळ दिला, नाचणाऱ्यांचं कौतुक केलं. “कपडा बढिया है,” ते म्हणाले, आणि आग्रह झाल्यावर दोन पावलं नाचलेसुद्धा. फौजदारांनी चौकात सायकली थांबवून वाट करून दिली.

मांडवाच्या दाराशी मात्र वरात थांबली, कारण दारात पुष्पाबाई उभी होती. ती भावकीतल्या लग्नाला आली होती, तिथून बातमी ऐकून जेवणाचं ताट टाकून आली होती. हाताला अजून वरण होतं.

“शाल्या! नवरी कोठे शे?”

हातगाडीवरचं गाणं थांबलं. मोतीलालने वर पाहिलं. “सांग ना, पाटील,” तो हळूच म्हणाला, “नाटक आहे म्हणून. सांगून टाक.”

सांगणं सोपं होतं. खरंही होतं. अक्का हसली असती, सगळे हसले असते, आणि तुळशीच्या लग्नानंतर मंगळाची आणखी एक मुलगी आली असती. शालिग्रामने खाली पाहिलं. चार फर्लांग धुळीतून चालून मोतीलालला धाप लागली होती, पण लगाम त्याने घट्ट धरला होता.

“नवरी नाही, अक्का.”

“म्हणजे?”

“लगाम कुणाच्या हातात आहे ते बघ.”

पुष्पाबाईने पाहिलं. मोतीलाल घोड्याच्या कानाकडे बघत होता, जणू मशिनचा काटा तिथेच होता आणि तो लाल रेघेवर गेला होता. गोदामामागच्या त्या खोलीत ती किती वेळा जेवली होती. मोतीलालने वाढलेलं, शालिग्रामने आग्रह केलेलं.

“याला दमा आहे ना?” ती शेवटी म्हणाली.

“आहे.”

“मग एवढ्या फुफाट्यात पायी चालवलं त्याला? अक्कल कुठे ठेवलीस? पाणी आणा रे कुणी!” पाणी आलं. मोतीलाल पीत असताना ती भावाकडे वळली, आवाज खाली आणून. “मंगळाच्या पोरी शोधून माझ्या चपला झिजल्या. आधीच सांगितलं असतं तर...”

“तर?”

“तर मी बोंब ठोकली असती. पण चपला वाचल्या असत्या.”

तिने पदराने हात पुसला आणि घोड्यावरून उतरणाऱ्या भावाच्या मागे करवलीसारखी उभी राहिली.

आत लोक सवयीने खुर्च्यांवर बसले. मोतीलाल सवयीने स्पीकरच्या मागे निघाला. पुष्पाबाईने त्याला दंडाला धरून पहिल्या रांगेत आणलं. “नवरदेवाशेजारची खुर्ची रिकामी ठेवत नसतात,” ती म्हणाली.

“पण मशिन...”

“मशिन पळून जातंय का?”

पुठ्ठ्याचा बार आला, आरशांचा गोळा फिरला, मुंबई आली आणि शिट्ट्या पडल्या. मग दिवे मंद झाले आणि शर्ट-पँटमधले ते दोघं आले. शालिग्राम स्टेजकडे पाहतच नव्हता. तो मोतीलालकडे पाहत होता. मोतीलालने आधी मान तिरकी करून आवाजाचा अंदाज घेतला, ओठ मुडपला. मग त्याची मान सरळ झाली. मग तो आवाज ऐकायचा विसरला.

‘दिवसा नाव घेऊ नको,’ चांदणी गात होता, ‘रात्री हात सोडू नको.’

मांडवाच्या दाराशी अक्षतांचं, म्हणजे कुंकवात रंगवलेल्या ज्वारीचं, ताट होतं. मोतीलालनेच दुपारी ठेवलेलं. मांडव म्हटला की ताट, हे हात आपोआप करत. लोकांनीही आत येताना सवयीने मूठ भरून घेतली होती. कडवं संपलं, सूर लांबला, आणि इतक्या वर्षांच्या सरावाने अख्ख्या मांडवाचे हात एकदम वर झाले. लाल ज्वारी स्टेजवरच्या दोघांवर पडली. पहिल्या रांगेतल्या दोघांवर तर जास्तच पडली, कारण मागच्यांचा नेम त्यांच्यावरच होता. माणकचंदजींनी दोन्ही मुठी टाकल्या.

दुसऱ्या कडव्यालाही टाकली. तिसऱ्याला चांदणीचा आवाज जरा कापला, दोन्ही आवाज एकदमच.

मोतीलालच्या टकलावरून ज्वारीचे दाणे ओघळून कॉलरमध्ये गेले. त्याने ते काढले नाहीत.

“भोंगा जरा फाटतोय डावीकडचा,” तो समोर बघतच म्हणाला.

“जाऊन बघतोस?”

मोतीलालने थोडा विचार केला.

“फाटू दे,” तो म्हणाला, आणि शालिग्रामच्या मुंडावळ्या त्याच्या डोळ्यांवर येत होत्या, त्या त्याने हात लांब करून बाजूला सारल्या.